साठीला गाडी हुंकारते तेव्हा: शाफ्टचा आवाज शोधायचा कसा, घालवायचा कसा

आधी मागचे दोन टायर बदलले. आवाज तसाच. मग शाफ्टचे क्रॉस बदलून घेतले. आवाज वाढला.

नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण असं करत वाशीला जाताना माझा पिकअप गप्प असायचा. क्रेट उतरले, रिकामी गाडी परत निघाली आणि कल्याण सोडल्यावर काटा साठीवर गेला, की सीटच्या मागून, खालून, 'हूंऽऽऽ' सुरू. पन्नासला नाही, सत्तरला कमी, साठीला मात्र हमखास. बरोबर येणारा पुतण्या म्हणायचा, "काका, मागं कुणीतरी तानपुरा लावून बसलंय."

अखेर दोष सापडला तो कुठल्याही सुट्या भागात नव्हता. बोल्टाला पाना लावण्याआधी एक संध्याकाळ नीट कान देऊन गाडी चालवली असती तर टायरचे पैसे तरी नक्की वाचले असते. ज्यांनी आजवर गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणून यात कानाचं काम आधी येईल आणि पान्याचं नंतर.

कोणता शाफ्ट?

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, ईको, सुमो, बहुतेक सगळे पिकअप आणि छोटे टेम्पो: या गाड्यांत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सच्या शेपटापासून मागच्या हाऊसिंगपर्यंत गाडीच्या पोटाखालून जो लोखंडी पाइप फिरतो तो प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजात त्याला नुसतं 'शाफ्ट' म्हणतात. त्याच्या टोकांना क्रॉस असतात. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीत सुईएवढ्या बारीक रोलरची रांग. मागचा एक्सेल खड्ड्यात खालीवर होतो तेव्हा शाफ्ट फिरता फिरता वाकू शकतो तो या क्रॉसमुळे. लांब गाड्यांत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे, चासीला टांगलेलं, रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. मागचं हाऊसिंग म्हणजे गोल पोटाचा डबा. त्यात पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं आणि ताकद काटकोनात वळून चाकांकडे जाते.

तुमची गाडी स्विफ्ट, आय-ट्वेंटी, नेक्सॉन अशांपैकी असेल तर हा लांब शाफ्ट तिला नाहीच. तिथे पुढच्या चाकांना दोन आखूड शाफ्ट जातात. ते खराब झाले की सहसा गुणगुणत नाहीत. स्टेअरिंग पूर्ण कापून वळताना कटकटकट वाजतात, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं, कारण रबरी बूट फाटलेला असतो. अशा गाडीत सरळ रस्त्यावर गुणगुण येत असेल तर शाफ्ट सोडा, चाकाचं बेअरिंग, टायर आणि गिअरबॉक्स बघा. पुढच्या कानाच्या चाचण्या तुम्हालाही तशाच लागू आहेत.

एक संध्याकाळ, मोकळा रस्ता, दोन माणसं

दोन माणसं हवीतच. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं मागे बसून ऐकायचं आणि वहीत लिहायचं. रेडिओ, एसी, पंखा बंद. मागे खडखडणारं काही असेल ते उतरवा. माझ्या हौद्यातली साखळी मी तीनदा 'शाफ्टचा आवाज' म्हणून ऐकली होती.

प्रश्न एकच विचारायचा: हा आवाज कशाला बांधलेला आहे? इंजिनच्या फेऱ्यांना, गाडीच्या वेगाला, की ॲक्सिलरेटरवरच्या पायाला? उत्तर मिळालं की निम्मी गाडी संशयातून मोकळी होते.

सुरुवात उभ्या गाडीत. न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू वाढवा. आवाज इथेच येत असेल तर शाफ्टचा काही संबंध नाही, कारण शाफ्ट फिरतच नाहीये. अल्टरनेटर, पॉवर स्टेअरिंगचा पंप, पट्ट्याची पुली, टर्बो अशी मंडळी तपासा आणि हा लेख इथेच सोडा.

उभ्या गाडीत काही नाही? मग आवाज येतो त्याच वेगाला गाडी आधी तिसऱ्या गिअरमध्ये आणि मग पाचव्या गिअरमध्ये चालवा. तिसऱ्यात साठ म्हणजे इंजिन ओरडेल, पण क्षणभर चालेल. इंजिनच्या फेऱ्या बदलल्या तरी साठीलाच तोच सूर येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. गिअर बदलला की सूर बदलत असेल तर गिअरबॉक्सच्या आत किंवा पुढे. लांब शाफ्टच्या बऱ्याच पाच-गिअरी गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि गिअरबॉक्समधल्या खालच्या काउंटर शाफ्टवर ओझं येत नाही. बाकी गिअरांत रडणारी गाडी चौथ्यात गप्प झाली तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली असं समजा.

आता पायाची चाचणी. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी हीच. साठीला तीन गोष्टी करा: ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढा; मग वेग ना वाढेल ना कमी होईल इतकाच पाय ठेवा; मग गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण उचला. क्राऊन-पिनियनचा आवाज या तिन्हींत वेगवेगळा येतो. ओढताना 'कुंईऽऽ' आणि पाय उचलताच बंद, म्हणजे दातांची ओढायची बाजू झिजली किंवा जुळणी बिघडली. उलट पाय उचलल्यावरच रडत असेल तर पिनियनचा नट सैल होऊन पिनियन पुढेमागे सरकतोय का ते आधी पाहावं. पायाचा काहीच फरक पडत नसेल तर बेअरिंग किंवा टायर. घाटाजवळ राहणाऱ्यांना ही चाचणी फुकटात मिळते. माळशेज चढताना गाडी सतत ओढीत असते, उतरताना इंजिन तिला मागे धरून ठेवतं. एका फेरीत दोन्ही बाजू कळतात.

न्यूट्रलची चाचणी मात्र घाटात अजिबात करायची नाही. सपाट, सरळ, मागेपुढे गाडी नसलेला रस्ता घ्या, साठीला क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा आणि ऐका. चावी बंद करायची नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही साथ सोडतात. न्यूट्रलमध्येही आवाज टिकला तर शाफ्ट, सेंटर बेअरिंग, हाऊसिंग, चाकं यांच्यातच कुठेतरी तो आहे, कारण इंजिन मंदावलं तरी ही मंडळी त्याच वेगाने फिरत असतात.

राहिले टायर आणि चाकाचं बेअरिंग. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर सूर बदलला तर तो टायर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सिमेंटवर चांगले टायरही गातात, तिथे जाऊन निदान करू नका. आणि सौम्यपणे डावी-उजवी घेताना घरघर कमीजास्त झाली तर चाकाचं बेअरिंग: गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर येतं, म्हणून डाव्या वळणात आवाज वाढला तर उजव्या बाजूवर संशय घ्यायचा.

हे सगळं एकदा रिकाम्या गाडीत आणि एकदा माल भरून करा. मी हे केलं नव्हतं. 'भरली की गप्प, रिकामी की हूं' ही गोष्ट मी रोज पाहत होतो आणि तिला महत्त्वच देत नव्हतो. सगळं उत्तर तिच्यातच होतं.

थोडा हिशोब, पाच मिनिटांचा

हा भाग आवडला नाही तर सोडून द्या, पण मला याने फार मदत झाली.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १,००० मीटर. टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली आणि टेपने मोजलं: २.१ मीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ४७६ वेळा फिरतं. समजा क्राऊनला ४१ दात आहेत आणि पिनियनला १०. मग शाफ्ट चाकाच्या ४.१ पट फिरणार: मिनिटाला सुमारे १,९५०, सेकंदाला साडेबत्तीस.

आता आवाज वाटून घ्या. चाकाचा दोष सेकंदाला आठ वेळा: तो ऐकू येत नाही, स्टेअरिंगला किंवा बुडाला जाणवतो. शाफ्ट बॅलन्समध्ये नसेल तर सेकंदाला ३२ धक्के: थरथर, आरसा धूसर दिसतो. क्रॉसच्या कोनातला दोष शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो, म्हणजे सेकंदाला ६५: खर्जातली 'हूंऽऽ'. आणि पिनियनचे दात, फेऱ्याला दहा, म्हणजे सेकंदाला ३२५: हा पेटीच्या मधल्या सप्तकात सापडेल असा स्पष्ट 'कुंईऽऽ'. म्हणजे लोक ज्याला 'शाफ्ट शिट्टी मारतो' म्हणतात ती शिट्टी बहुतेक वेळा शाफ्टची नसतेच, पिनियनची असते. शाफ्ट थरथरतो किंवा खर्जात घुमतो. त्याचं शिट्टी मारण्याचं अंग नाही.

मोबाइलवर आवाजाची फ्रीक्वेन्सी दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात. पुतण्यानं मागे बसून साठीला मोजलं तेव्हा काटा ६५च्या आसपास अडकलेला होता.

खाली जाण्याआधी

यात घाई करणाऱ्यानं पुढे वाचू नये. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. सपाट, कडक जमीन हवी. शेताच्या कडेची माती नको. मागचा एक्सेल उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) लावा, मगच आत जा. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, आणि मागची चाकं हवेत असताना तो गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना मागूनपुढून लाकडी गुटके ठोका. शाफ्ट उतरवल्यावर आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: आता गाडी गिअरमध्ये टाकली तरी ती थांबत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यातली साखळीच तुटलेली असते.

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, खाली जाऊन ऐकणारे मेस्त्री मीही पाहिलेत. मोठा स्क्रू ड्रायव्हर हाऊसिंगला टेकवून दांडा कानाला लावतात आणि बेअरिंगचं नाव सांगतात. त्यांचं ते त्यांच्यापाशी. तुम्ही पहिल्या वर्षी इंजिन बंद करूनच खाली जायचं.

खाली गेल्यावर

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, इंजिन थंड. हातात टॉर्च घ्या आणि एका टोकापासून सुरुवात करा.

प्रत्येक क्रॉसच्या टोप्यांभोवती बघा. तपकिरी, तपकिरीसारखीच कोरडी भुकटी दिसली तर आत ग्रीस संपून सुया गंजल्यात. मग क्रॉसच्या एका बाजूचा काटा (टोप्यांना धरणारा दोन कानांचा तुकडा) डाव्या हाताने, दुसरा उजव्या हाताने धरून उलटसुलट पिळा, आणि नंतर वर-खाली ढकला. चांगल्या क्रॉसमध्ये काहीही हलत नाही. 'थोडासा प्ले आहे, चालेल' असं क्रॉसच्या बाबतीत नसतं. सुकलेला क्रॉस हळू चालताना चिमणीसारखा चिवचिवतो आणि गाडी निघताना किंवा रिव्हर्स टाकताना 'टक्' करतो.

पिळताना शाफ्ट क्रॉससकट थोडा फिरला आणि हाऊसिंगच्या आत 'कट' वाजलं तर तो क्राऊन-पिनियनमधला खेळ. तो थोडा असायलाच हवा, त्याला घाबरू नका. पण पिनियनचा फ्लँज (ज्या चकतीला शाफ्ट बोल्टांनी जोडतात ती) धरून वर-खाली किंवा पुढे-मागे हलवला आणि तो हलला, तर ते बरं लक्षण नाही.

सेंटर बेअरिंगचं रबर बघा. फाटलेलं, तेलानं फुगलेलं, की बेअरिंग खाली लोंबलेलं? शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंगच्या घरावर बोटं टेकवा. खरखर बोटांना कानांआधी कळते.

पाइपवर चेप आहे का? चौकोनी पत्र्याचा छोटा तुकडा पाइपला वेल्ड केलेला असतो, ते बॅलन्सचं वजन. एखाद्या जागी नुसता वेल्डचा ठसा उरला असेल तर वजन उडालंय. आणि पावसाळ्यात शेतातून आलेली गाडी असेल तर आधी शाफ्ट धुवा. एका बाजूला वाळलेला चिखल हेसुद्धा वजनच.

शाफ्ट उतरवणं, आणि माझ्या गाडीचं काय झालं होतं

पाना लावण्याआधी पांढऱ्या रंगाचं पेन घ्या. मागचा फ्लँज आणि शाफ्ट यांच्यावर एकच आडवी रेघ. पुढच्या जोडावर तशीच. सेंटर बेअरिंगच्या पट्टीवर, तिच्या वॉशरसकट, खूण. आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण स्लिप जोडावर, म्हणजे जिथे शाफ्टचा एक भाग दुसऱ्यात खाचांवर सरकतो तिथे. नंतर मोबाइलवर फोटो काढा. रेघ ग्रीसमध्ये पुसली जाते, फोटो राहतो.

माझं घोडं इथेच पेंड खात होतं. क्रॉस बदलणाऱ्यानं शाफ्ट स्लिपवर ओढून वेगळा केला आणि बसवताना खाचा जिथे बसल्या तिथे बसवून दिला. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असायला हवेत, ते एकमेकांपासून दोन-तीन दात फिरलेले होते.

असं का महत्त्वाचं? क्रॉसचा जोड कोनात फिरतो तेव्हा आत एकसारख्या वेगाने गेलेला फेरा बाहेर एकसारखा येत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकनं याचा अभ्यास केला; शाफ्टला 'कार्डन' म्हणतात ते त्याच्याही आधीच्या इटालियन गणिती जेरोलामो कार्दानोच्या नावावरून. दुसऱ्या टोकाला तसाच क्रॉस त्याच कोनात, काटा त्याच रेषेत बसवला की पहिल्याची चढउतार दुसरा मिटवतो. काटे फिरले की मिटवामिटव अर्धवट राहते, आणि फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे साठीला ६५. कोन जितका मोठा तितका धक्का मोठा. मी जास्त माल भरता यावा म्हणून मागे दोन जादा पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टाकले होते. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच उभी राहायची, शाफ्टचा कोन वाढायचा आणि ती हुंकारायची. माल भरला की पाटे बसायचे, शाफ्ट सरळ व्हायचा, गाडी गप्प. क्रॉस बदलण्याआधीचा बारीक आवाज पाट्यांचा होता, नंतरचा मोठा आवाज काट्यांचा.

आमच्याकडचे एक जुने मेस्त्री नुसते खाली वाकून म्हणाले, "राव, तुमच्या शाफ्टची मान वाकडीय." मला त्या आधी तीन महिने तेच दिसत होतं, पण कळत नव्हतं.

काही कंपन्या एक दात रुंद ठेवतात, म्हणजे चुकीचं बसूच नये. काही बाणाची खूण देतात. तुमच्या गाडीत यापैकी काही नसेल तर पांढरी रेघ हाच तुमचा बाण. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये पुढच्या तुकड्याची मांडणी गाडीप्रमाणे बदलते, तिथे डोकं न लावता खूण पाळा.

उतरवताना मागचे चार बोल्ट आधी सैल करा, पण शेवटचा काढण्याआधी शाफ्ट दोरीने चासीला बांधा. एका क्रॉसवर लोंबकळू दिला तर टोपी वाकते, शिवाय तो तोंडावर येतो. काही गाड्यांत पुढचं टोक सरळ गिअरबॉक्समध्ये घुसलेलं असतं. ते ओढलं की ऑइल वाहणार, म्हणून प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड हाताशी ठेवा. फ्लँजचे बोल्ट जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात. एखादा हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालू नका.

क्रॉस बदलणं

शाफ्ट बाहेर आला की क्रॉस हाताने घडी घालून बघा. सगळीकडे सारखा, किंचित जड फिरायला हवा. मधोमध आल्यावर 'खट्' असा अडकत असेल तर सुयांनी टोपीच्या आत खड्डे पाडलेत. अशा क्रॉसला ग्रीस भरून उपयोग नाही.

सर्कलिप (टोपीला जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढा, गंजली असेल तर टोपीवर हातोडीचा एक हलका टोला दिला की ती मोकळी होते. मग बाकात (वाइसमध्ये) दोन सॉकेट: एका बाजूला टोपीपेक्षा लहान, तो ढकलतो, दुसऱ्या बाजूला टोपीपेक्षा मोठा, त्यात जुनी टोपी बाहेर येते. बाक आवळत जा.

नवा क्रॉस बसवताना नवखा माणूस हमखास एका जागी अडतो. टोपी जवळजवळ पूर्ण आत जाते, आणि शेवटचा एक-दोन मिलिमीटर जात नाही. सर्कलिपची खाच उघडीच होत नाही. माणूस हातोडी उचलतो. थांबा. आत एक सुई आडवी पडलेली असते. टोपी बाहेर काढा, तळाशी ती सुई दिसेल. सुया परत उभ्या करा, बोटाने घट्ट ग्रीसची भिंत करून त्यात चिकटवा, आणि क्रॉसचा दांडा टोपीत धरूनच ती आत ढकला, म्हणजे सुयांना पडायला जागा राहत नाही. दोन्ही सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्या की काट्याच्या कानांवर बाहेरून हातोडीचे दोन हलके टोले द्या. ताठ झालेला क्रॉस लगेच मोकळा होतो.

ग्रीस भरायचं निपल असेल तर लिथियम ग्रीस भरा, चारही टोप्यांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर शाफ्ट फिरवून पुन्हा मारा. निपल ग्रीस गनच्या तोंडाला पोहोचेल अशा बाजूला ठेवून क्रॉस बसवायचा असतो, हे बहुतेकांना सगळं बसवून झाल्यावर कळतं.

सेंटर बेअरिंग

हे घरी न केलेलं बरं. पुलर आणि प्रेस लागतो, आणि ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग महिन्याभरात जुन्यासारखं वाजतं. खुणा केलेला शाफ्ट लेथवाल्याकडे न्या. बसवताना चासीचे बोल्ट आधी हातानेच लावा, शाफ्ट जोडून झाल्यावर एक-दोन फेरे फिरवा, रबर पिळलेलं नाही ना ते बघा आणि मग आवळा.

हाऊसिंग: ऑइल तुमचं काम, पिनियन नाही

'कुंईऽऽ' आवाजाच्या गाडीत पहिली गोष्ट ऑइल. गाडी चारही चाकांवर सपाट जागी हवी. आधी भरायचा प्लग उघडा, मग सोडायचा. उलट केलं आणि वरचा प्लग गंजून अडकला असेल, तर ऑइल नसलेली गाडी जागेवर बसते. भरायच्या भोकात बोट वाकवून ऑइल लागलं पाहिजे. नसेल तर गळती कुठे आहे ते शोधा: पिनियनचं सील, किंवा वरचा श्वास घेणारा छोटा ब्रीदर चिखलाने बंद.

जुनं ऑइल काळं असलं तर हरकत नाही. प्लगच्या चुंबकावर करड्या लोण्यासारखी बारीक पेस्ट असते, तीही चालते. बोटात टोचणारे कण आले तर दात किंवा बेअरिंग सुटतंय. आणि चहात दूध घातल्यासारखा रंग म्हणजे आत पाणी शिरलंय; ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांच्या हाऊसिंगमध्ये हे नेहमी दिसतं. नवं ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच भरा, बहुतेक ठिकाणी जीएल-५ वर्गाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०. या दातांची घडण अशी की ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. साधं इंजिन ऑइल तिथे टिकत नाही.

ऑइल बदलूनही रडणं थांबलं नाही तर हात आवरा. पिनियनचा नट सैल आहे म्हणून जोर लावून आवळणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे. बऱ्याच हाऊसिंगमध्ये आत चुरगळणारी नळी असते, ती बेअरिंगवरचा ताण ठरवते. नट थोडा जास्त फिरला की नळी जास्त दबते आणि परत येत नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घडवलेले असतात, म्हणून एकटा पिनियन बदलायचा नसतो. बसवणारा डायल गेज लावून खेळ मोजतो का, आणि दातांना रंग लावून ठसा बघतो का, एवढं विचारा. "अंदाजानं बसतं" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

पाटे आणि कोन

कोन मोबाइलनेही मोजता येतो. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी, म्हणून हे काम खड्ड्यावर किंवा रॅम्पवर करा. मोबाइल शाफ्टच्या पाइपवर ठेवून कोन बघा, मग पिनियनच्या फ्लँजच्या चपट्या तोंडाला टेकवून तिथला. दोन्ही वाचनांवरून पाइप आणि पिनियनची दिशा यांतला फरक काढा, तो त्या क्रॉसचा कोन. तीन अंशांच्या आत असावा, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा. अगदी शून्यही नको, कारण मग सुया लोळत नाहीत आणि एकाच जागी खड्डा पाडतात. पाटे वाढवलेत, यू-बोल्ट बदललेत, किंवा गाडी उंच करून घेतलीत, आणि त्यानंतर आवाज सुरू झाला, तर आधी इथे बघा.

मी एक जादा पाटा काढला, शाफ्टचे काटे एका रेषेत आणले, स्लिपवर ग्रीस लावलं आणि बोल्ट सांगितलेल्या ताकदीने आवळले. हूं गेली. टायर मात्र बदलून झालेच होते.

थरथर उरलीच, तर शाफ्ट बॅलन्सिंगवाल्याकडे न्या. त्याआधी एक स्वस्त प्रयोग करता येतो: पाइपच्या मागच्या टोकाला होज क्लिप आवळायची, तिचा स्क्रू हेच वजन. गाडी चालवून बघायची, मग थांबवून क्लिप पाव फेरा फिरवायची, पुन्हा चालवायची. चारपैकी एका जागी थरथर कमी होते. क्लिप आजूबाजूला कशालाही घासत नाही ना, हे चालवण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून बघा.

शाफ्ट बसवल्यावर पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा खाली जाऊन फ्लँजचे चारही बोल्ट पाना लावून तपासा. आणि पहिल्या दिवशी ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला, रिकाम्या गाडीत आवाज लिहून ठेवला होता, त्याच रस्त्यावर तीच वही घेऊन परत जा. मागे बसणारा माणूसही शक्यतो तोच असावा.